मळीचा रस्ता

"ताई, काकांचं घड्याळ द्या की."

फाटकापाशी धैर्यशील उभा होता. नीट उजाडलंही नव्हतं. डाव्या मनगटावर त्याचं स्वतःचं घड्याळ होतं आणि उजवा हात त्यानं, कासारापुढे बांगड्या भरायला धरावा तसा, फाटकाच्या गजांतून आत घातला होता.

मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून आले होते. तात्यांना त्याच दिवशी मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडलं होतं. डेंग्यू झाला, तो उतरला, पण उतरताना हृदयाच्या स्नायूला सूज ठेवून गेला. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी एका बाजूनं आई आणि दुसऱ्या बाजूनं मी, अशी त्यांची अवस्था होती.

"घड्याळ कशाला?"

"पळायला."

"तात्या झोपलेत."

"झोपू देत की. त्यांना कोण उठवतंय?" तो हसला. "त्यांचं मीच पळतो. दवाखान्यात नेलं तेव्हापासनं. सुरुवातीला दोन्ही घड्याळं चालू करायची, काकांचं अंतर झालं की त्यांचं बंद करायचं, मग माझं एकट्याचं पुढं. काय अवघड नाही ओ त्यात."

आई मागून आली. चार्जरवरून काढलेलं घड्याळ तिनं त्याच्या हातावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता दूध तापवायला आत निघून गेली.

तासाभरानं तो परत आला. तात्या पलंगावर उशीला टेकून बसले होते, फाटकाची कडी वाजताच त्यांची मान तिकडे वळली. धैर्यशीलनं मनगटावरून घड्याळ सोडवलं. रबरी पट्टा घामानं चिकटला होता, तो सुटताना चिरकन आवाज झाला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला घाम ओघळत होता, दोन काळे केस चिकटले होते आणि आंबूस वास येत होता. मी कापूस आणायला उठले, तोवर तात्यांनी ते तसंच हातावर चढवलं.

"झालं?"

"झालं काका. अ‍ॅपवर नकाशा बंद ठेवलाय. नुसतं अंतर दिसतंय लोकांना."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. पूजा आटोपलेल्या माणसासारखे ते शांत दिसत होते. धैर्यशीलच्या घामाचा एक ओघळ त्यांच्या सुईनं काळ्यानिळ्या झालेल्या हातावरून कोपराकडे निघाला होता. मी बाहेर जाऊन ओसरीत उभी राहिले. चहा घेतला नाही.

ही सकाळ आता बरीच जुनी झाली; गेल्या महिन्यात तात्यांची शोकसभा झाली. तीत पाच जण बोलले, आणि पाचही जणांनी ही गोष्ट सांगितली: काकांचं सातत्य असं, की आजारपणातसुद्धा पळण्याचा एक दिवस चुकला नाही. हातात सलाईनची सुई असताना दवाखान्याच्या गच्चीवर पळाले. मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसून हे ऐकलं. मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करते. दुसऱ्याच्या मजकुरातली खोटी जागा शोधून तिच्याखाली रेघ ओढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्या सभेत रेघ ओढायला हातात काही नव्हतं.

तात्या, म्हणजे रावसाहेब मगदूम, वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर पळायला लागले. आमचं गाव साखर कारखान्याचं. निवृत्त माणसांनी सकाळी मारुतीच्या पारावर बसावं आणि संध्याकाळी बाजार समितीच्या राजकारणावर बोलावं, एवढीच सोय. धैर्यशील शिंत्रेनं व्यायामशाळा काढली आणि मग पळणाऱ्यांचा गट जमवला. गटाचं एक अ‍ॅप होतं. कोण किती पळालं आणि सलग किती दिवस पळालं, ते सगळ्यांना दिसायचं. सलग दिवसांच्या यादीत तात्या वर्षभर पहिले होते. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या तारा जोडल्या, पण रस्त्यावर हात उंचावून लोक त्यांना नमस्कार करायला लागले ते या यादीमुळे.

आजारपणातही तिथं एकही दिवस रिकामा दिसत नव्हता. गावाच्या लेखी तात्या कधी आजारी पडलेच नव्हते.

संपादनाचं काम मी गावातूनच करत राहिले. तात्या घरी आल्यावर महिन्याभरानं मी त्यांना मिरजेला तपासणीला घेऊन गेले. डॉक्टर नाईकवडी म्हणजे बारीक अंगाच्या, घाईत नसलेल्या बाई. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफी बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"चालायला हरकत नाही आता. पंधरा दिवस नुसतं चाला, स्वच्छ हवेत. मग चार मिनिटं चालायचं, एक मिनिट हळू पळायचं, परत चार मिनिटं चालायचं. नाडी सांगितलेल्या आकड्यावर गेली की थांबायचं. थांबायचं म्हणजे उभं राहायचं. आणखी थोडं पळून बघू, असं नाही."

"आणि पहिल्यासारखं?" तात्यांनी विचारलं.

"सहा महिन्यांनी बोलू."

"कारखान्याची दौड आहे दोन महिन्यांनी. दहा किलोमीटर."

"मगदूम, ऐका. सूज असलेलं हृदय दुखून-खुपून सांगत नाही. पळता पळता बंद पडतं. तुम्हाला कळणार नाही, मागच्याला कळेल."

बसमध्ये तात्या खिडकीतून उसाकडे बघत बसले. सांगली मागे पडल्यावर म्हणाले, "चालायचं कुठं?"

"कुठं म्हणजे? रोजच्या रस्त्यावर. नदीकडं."

"तिथं सगळे असतात."

"असू देत."

"सगळ्यांना ठाऊक आहे, मी रोज पळतोय. मी चालताना दिसलो तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. आजारी माणसानं पळू नये हे मला ठाऊक होतं. पण आजारी माणसाला चालायचीही चोरी व्हावी, अशी परिस्थिती माझ्या वाचनात कुठं आली नव्हती.

म्हणून आम्ही मळीच्या रस्त्यावर जायला लागलो.

कारखान्याच्या मागे, डिस्टिलरीच्या सांडपाण्याची तळी आहेत. काळंकुट्ट पाणी, वर तपकिरी साय. तळ्यांच्या कडेनं कच्चा रस्ता जातो. तिथं पळायला कुणी येत नाही, कारण तिथं श्वास घेववत नाही. कुजलेला गूळ, अंडी आणि जनावराचं मूत एकत्र उकळावं, तसा तो वास आहे. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला. तिसऱ्या दिवशी कळलं की पदराचा उपयोग नाही, वास जिभेवर बसतो. घरी जाऊन भाकरीचा घास घेतला की तोच.

डॉक्टरांनी ज्या माणसाला स्वच्छ हवेत फिरा म्हणून सांगितलं, तो माणूस गावातल्या सगळ्यात घाण हवेत लपून चालत होता. माशा त्याच्या ओठांवर बसत होत्या. तो एका हातानं त्या वारत होता आणि दुसऱ्या हाताची नाडी मी धरली होती.

"आता एक मिनिट," मी म्हणायची, मग ते पळायचे. पळणं कसलं, पाय घासत पुढं जाणं. चप्पल तुटलेल्या माणसासारखं. मिनिट संपलं की थांबायचे, वाकायचे आणि तोंड उघडून तीच हवा आत ओढायचे.

"तात्या, उद्यापासून नदीकडं जाऊ."

"आपलं बरं चाललंय इथं."

"काय बरं चाललंय? मला ओकारी येते."

"मला येत नाही होय?" ते म्हणाले. "चल, चार मिनिटं झाली."

दरम्यान पहाटेची घड्याळाची फेरी सुरूच होती. एकदा मी धैर्यशीलला फाटकातच अडवलं.

"हे कधी थांबणार?"

"काका परत पळायला लागले की."

"ते सहा महिने पळणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर असंच सांगतात ओ ताई. माझ्या गुडघ्याला पण सांगितलेलं." तो बाजूला वळून गटारात थुंकला. "आणि खरं सांगू? काकांच्या नावावर दीडशे माणूस वाढलंय गटात. बायका येतात आता. ती उज्ज्वला कोरे, ब्लाउज शिवते बघा बाजारात, ती काकांचं ऐकूनच आली. आता हे मोडून कसं चालेल?"

"काय ऐकून?"

"हेच की. सुई आणि गच्ची."

"गच्ची कुणी काढली?"

"लोकच म्हणायला लागले," धैर्यशील म्हणाला. "मी फक्त नाही म्हटलं नाही."

माझा सगळा संताप तेव्हापासून त्याच्यावर एकवटला. त्याचे दाट केसांचे पाय, पळणाऱ्यांच्या गोड जेलची मुठीत चेपलेली पाकिटं, ती चोखून आमच्याच कुंडीत टाकण्याची सवय, घामाच्या बनियनवर मारलेलं अत्तर. वाटायचं, हा माणूस माझ्या वडिलांचं आजारपण आपल्या अंगावर घालून गावभर मिरवतोय.

दौडीच्या आठ दिवस आधी तो फ्लेक्स घेऊन आला. दोन माणसांनी तो आमच्या अंगणात उलगडला. तात्यांचा छातीपर्यंतचा फोटो, मागे आगीचे लोळ, वर अक्षरं: डेंग्यू हरला, काका नाही थांबला. खाली कारखान्याच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो.

"काका सगळ्यात पुढं," धैर्यशील म्हणाला. "झेंडा पडला की तुम्ही पहिले निघायचं, बाकीचे मागनं. शेवटी स्टेजवर सत्कार. अध्यक्षांना शब्द दिलाय मी."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, सांगा की त्याला."

तात्यांनी फ्लेक्स लांबून बघितला, मग जवळ जाऊन बघितला. "फोटो जुना आहे," म्हणाले.

"तात्या, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगा," मी म्हणाले.

"काय म्हणाल्या?" धैर्यशीलनं विचारलं.

तात्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मला कळलं नाही. धैर्यशीलनं होकार समजला आणि फ्लेक्स गुंडाळला.

तो गेल्यावर आई मला म्हणाली, "मरतील, पण नाही म्हणणार नाहीत." आणि भाजी चिरायला बसली.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी भांडले, रडले, बोलणं टाकलं. ते रोज माझ्याबरोबर मळीच्या रस्त्यावर आले, सांगितलं तितकंच चालले, सांगितलं तितकंच पळाले. दौडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी मी धैर्यशीलला फोन करून दौडीत पाणी द्यायचं काम मागून घेतलं. पुलाजवळचं टेबल, मैदानापासून दोनेक किलोमीटरवर. तात्या पडले तर गर्दीत पडू नयेत, माझ्यासमोर पडावेत, एवढाच हिशेब होता.

दौडीच्या सकाळी मैदान भरलं होतं. कर्णे किंचाळत होते. वेदनाशामक मलमाचा वास, केळी, घाम आणि भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे असलेले पुरुष. एकाच रंगाच्या बनियनातले हजारभर देह जागच्या जागी उड्या मारत होते. पोटं वर-खाली होत होती. तात्या पहिल्या रांगेत उभे होते, छातीवर क्रमांक, गळ्यात झेंडूचा हार. हारातल्या मुंग्या त्यांच्या मानेवर चढत होत्या.

मी टेबलाकडे निघायच्या आधी त्यांच्यापाशी गेले. तेवढ्यात एक तिशीची बाई पुढं आली, वाकली आणि तिनं त्यांचे पाय धरले. उज्ज्वला कोरे. तिचे डोळे लाल होते.

"काका, दोन दिवस ताप हाय मला. घरातले नको म्हणत होते. मी म्हटलं, काका सुई घेऊन पळाले, आपल्याला काय धाड भरलीय?"

"शाब्बास!" धैर्यशील माइकवरून ओरडला. "ऐका सगळ्यांनी, ही खरी शिष्या! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. तात्या आपल्या पायांकडे बघत होते. ती उठली, रांगेत मागे गेली, तरी ते तिथंच बघत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं की तिचे हात तव्यासारखे लागले होते, मोज्यांतूनही.

"तात्या," मी म्हणाले, "अजून वेळ आहे. घरी चला."

"तू तुझ्या टेबलावर जा, सुनीती."

पुलावर मी पेले भरून ठेवले. लांबून बार ऐकू आला. थोड्या वेळानं आघाडीची मुलं आली. न थांबता पेले ओढायची, अर्धं पाणी तोंडात, अर्धं माझ्या अंगावर, पेला रस्त्यावर, चूळ दुसऱ्याच्या पायावर. मग मधला लोंढा आला. शेंबूड शिंकरत, खाकरत, एकमेकांना ढोसत. पायाखाली कागदी पेल्यांचा लगदा झाला. मी प्रत्येक चेहरा बघत होते. तात्या नव्हते. लोंढा विरळ झाला. शेवटच्या जाड्या मुलांचा घोळका हसत-खिदळत गेला. तरी तात्या नव्हते.

मी टेबल तसंच टाकलं आणि उलट दिशेनं पळत सुटले.

वळणापलीकडे ते दिसले. चालत होते. हार काढून हातात घेतला होता. दुसऱ्या हातानं उज्ज्वलाचं मनगट धरलं होतं, आणि ती ते सोडवून घ्यायला बघत होती.

"काका, सोडा की. सगळे गेले पुढं."

"जाऊ देत."

"तुम्ही तरी जावा. तुमचा सत्कार हाय. मी येते हळूहळू पळत."

"पळायचं नाही. चालायचं."

"का पण?"

"ताप आहे तुम्हाला. डेंग्यू असेल."

"असू दे की. तुम्हाला पण होता."

"मी चालतोय ना आता? तुम्ही पण चाला."

"तुम्ही माझ्यामुळं चालताय." तिला रडू यायला लागलं. "काका, मी घरात भांडून आले. सासू म्हणाली, दोन पोरांची आई, लाज नाही वाटत पळायला. मी तिला तुमचंच सांगितलं. तुम्ही तापात पळाला, मग मीच काय घोडं मारलंय?"

तात्या उभे राहिले. बोलता बोलता आम्ही तिघं पुलावर आलो होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी पळालो नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दवाखान्यात खाटेवर पडून होतो. लघवीला उठवत नव्हतं. घड्याळ धैर्यशीलच्या हातावर होतं. तो पळत होता."

उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"धैर्यशील सरांनी फसवलं आम्हाला?"

मी हो म्हणणार होते. ते वाक्य माझ्या जिभेवर कित्येक दिवस तयार होतं.

"नाही," तात्या म्हणाले. "तो नको म्हणत होता. काका, कुणाला कळलं तर इज्जत जाईल, म्हणत होता. मी त्याला रात्री बोलावून घेतलं, हात जोडले. म्हटलं, एवढं कर. डॉक्टर काय म्हणतात ते सुद्धा मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. आधी हे विचारलं."

पुलाखालून मळकट पाणी वाहत होतं. इतके दिवस पहाटे फाटकात उभी राहणारी लबाडी एकट्या धैर्यशीलची आहे, असं मी धरून चालले होते. आईनं माझ्या नजरेला नजर का दिली नव्हती, ते आता कळलं. ज्या माणसानं मला शाळेत असताना एका मार्काची चूक गुरुजींना दाखवून मार्क कमी करून घ्यायला लावले होते, तो माणूस खाटेवरून हात जोडत असलेला मला दिसला.

उज्ज्वलानं हात हिसकून घेतला. चार पावलं पुढं गेली, कठड्याला धरून वाकली आणि ओकली. तात्या तिचं कपाळ धरायला पुढं झाले.

"हात लावू नका मला," ती म्हणाली.

ते मागे सरले. मी तिचं कपाळ धरलं. भाजत होतं.

रस्ता दौडीसाठी बंद ठेवला होता, वाहन मिळणं शक्य नव्हतं. धैर्यशीलला फोन लावला, तो उचलत नव्हता. आम्ही मैदानाकडे परत फिरलो. ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती, तात्या दोन हात अंतर ठेवून मागे. थोडं चाललं की ती बसायची. ती बसली की तात्या उभे राहायचे. मैदान जवळ आलं तोवर दहा किलोमीटर पुरे करून परतणारे आम्हाला मागे टाकून जायला लागले होते. त्यांतला एक जण जाताना ओरडला, "वा काका! वा!"

मला त्याचा अर्थ दौडीच्या कमानीपाशी कळला. परतीचा रस्ता तोच होता. आम्ही मध्येच मागे फिरलोय हे कुणाच्या गावीही नव्हतं. तात्या अंतर संपवून येताहेत, असंच सगळ्यांना दिसत होतं.

"आणि हे बघा!" कर्णा फाटेल असा धैर्यशीलचा आवाज आला. "आपले काका! स्वतःची वेळ न बघता एका भगिनीला आधार देत दौड पूर्ण करून येताहेत!"

फटाक्यांची माळ लागली. कुणीतरी तात्यांच्या गळ्यात पदक घातलं. कुणीतरी उज्ज्वलाच्याही घातलं, त्याची फीत तिच्या ओकारीनं भिजलेल्या बनियनला चिकटली. मोबाइल पुढं आले. मी रुग्णवाहिका शोधली. ती अध्यक्षांच्या गाडीमागे उभी होती, आत कुणी नव्हतं. ड्रायव्हर नाश्त्याला गेला होता.

मागे वळले तर तात्या स्टेजवर चढत होते. पायरीवर थांबले, आपलीच नाडी धरली, आणि पुढची पायरी चढले. अध्यक्ष शाल घेऊन उठले. तात्यांनी शाल घेतली नाही. धैर्यशीलच्या हातातून माइक घेतला.

"मी पळालो नाही," ते म्हणाले. वीज मंडळात तक्रार लिहून घेताना बोलायचे तसाच आवाज. "आज पण नाही, तेव्हा पण नाही. आज पुलापासून मागे आलोय. तेव्हा दवाखान्यात पडून होतो. घड्याळ दुसऱ्यानं पळवलं, मी सांगितलं म्हणून. गच्ची वगैरे काही नाही. ताप असताना कुणी पळू नका. मरायला होतं. ही बाई आजारी आहे, हिला रिक्षा बोलवा."

त्यांनी माइक खाली केला. मग अध्यक्षांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागे स्टेजवरच्यांनी वाजवली, मग पुढच्या रांगेनं, आणि मग हजार माणसं टाळ्या वाजवायला लागली. केळी खाता खाता काखेत पदक धरून वाजवत होती. शिट्ट्या आल्या. माझ्या शेजारचा एक सद्‌गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, "बघ किती साधा माणूस."

धैर्यशीलनं माइक परत घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं गर्दीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, मग पुन्हा गर्दीकडे. "ही नम्रता!" तो म्हणाला. "ही आपल्या काकांची नम्रता!"

टाळ्या वाढल्या.

तात्या स्टेजवर उभे होते. मी त्यांचा असा चेहरा त्याआधी आणि त्यानंतरही बघितला नाही. ते मळीच्या तळ्याकडेही कधी असं बघत नसत. गर्दीकडे बघत होते, आणि ओठ घट्ट मिटून नाकानं हळूहळू श्वास घेत होते.

रस्ता मोकळा झाल्यावर दवाखान्यात जायला रिक्षा शेवटी मीच आणली, बाजाराच्या कोपऱ्यावरून. उज्ज्वलाला मध्ये घेतलं. तिनं डोळे मिटून माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, तात्यांच्या बाजूला अंग जाऊ नये म्हणून सगळी माझ्याकडे कलली होती. तात्या कडेला बसले. त्यांनी पदक काढून रिक्षाच्या दांडीला अडकवलं.

ती पुढे बरी झाली. मरणाच्या दारातून आली, पण आली. तात्या त्यानंतर आठ वर्षं जगले. सगळी वर्षं नदीच्या रस्त्यावर, सगळ्यांदेखत चालले, मध्ये मध्ये एक-दोन मिनिटं पळाले. लोक म्हणायचे, काका आता नव्या माणसांना शिकवायला सावकाश जातात. पण त्या रिक्षात यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त मैदानाचा आवाज येत होता. तो पुलापर्यंत येत राहिला.

तात्या बाहेर बघत म्हणाले, "त्यांनी टाळ्या वाजवल्या."



"मी नाही वाजवल्या," उज्ज्वला म्हणाली. डोळे तिनं उघडले नव्हते.

तात्यांनी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "मी बघत होतो."